खळीचा थर

धाराशिव जिल्ह्यांत तेरणा नदीच्या कांठीं तेर नांवाचें गांव आहे. संत गोरोबा कुंभारांचें गांव म्हणून महाराष्ट्र तें ओळखतो. परंतु गोरोबांच्याहि पूर्वीं सुमारें बाराशें वर्षें या गांवाची कीर्ति समुद्रापलीकडे पोहोंचली होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें समुद्रमार्गांची व बंदरांची एक माहितीपोथी लिहिली. ‘पेरिप्लस’ या नांवानें ती प्रसिद्ध आहे. तींत भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, अशीं दक्षिणेंतील दोन मोठीं व्यापारी नगरें सांगितलीं आहेत. तगरहून जाडेंभरडें कापड पुष्कळ, तलम वस्त्रें तऱ्हेतऱ्हेचीं आणि ‘मोलोखिना’ नांवाचें आणखी एक कापड गाड्यांत भरून बिकट वाटांनीं भडोच बंदरास जात असे. हें तगर म्हणजेच आजचें तेर, असें जॉन फेथफुल फ्लीट या संशोधकानें १९०१ सालीं प्रतिपादिलें, आणि पुढें तेथें निघालेल्या अवशेषांनीं त्यास पुष्टि मिळाली.

तेर येथील संग्रहालयांत मातीच्या मूर्ति, मणी आणि हस्तिदंताची कलाकुसर आजहि पाहावयास मिळते. ज्या कापडामुळें तगरचें नांव झालें, त्या कापडाचें मात्र चिंधुकहि उरलेलें नाहीं; कापूस मातींत टिकत नाहीं. आणि कापडाहून अधिक नाशवंत अशी एक वस्तु त्या धंद्याच्या मुळाशीं असते, तिचा उल्लेख कोणत्याच प्रवाशानें केलेला नाहीं. ती वस्तु म्हणजे खळ.

मागावर उभें सूत ताणलें म्हणजे त्यावर दोन संकटें येतात. एक ताणाचें, दुसरें घर्षणाचें. फणी पुढें-मागें होते, धोटा सरसर धांवतो, आणि प्रत्येक खेपेस सुताचे तंतु थोडेथोडे पिंजतात. सूत जितकें बारीक, तितकें तें लौकर तुटतें. यावर विणकरांनीं योजिलेला उपाय म्हणजे पांजणी. साळ्या-कोष्ट्यांच्या वस्तींत उभें सूत मोकळ्या जागीं लांबवर ताणावयाचें, त्यावर पातळ खळ द्यावयाची आणि कुंच्यानें ती एकाच दिशेनें ओढीत न्यावयाची, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. कुंचा दोन कामें करतो. विसकटलेले तंतु तो सुताच्या अंगाशीं बसवितो आणि जास्तीची खळ काढून घेतो.

हें दुसरें काम पहिल्याइतकेंच महत्त्वाचें आहे. खळ कमी पडली तर सूत पिंजतें. पण ती अधिक झाली तर सूत काडीसारखें ताठ होऊन मोडतें, शेजारचे धागे एकमेकांस बिलगतात आणि माग अडतो. म्हणजे चिकटविण्याच्या विद्येचा पहिला धडा विणकर केव्हांच शिकला होता. सांध्याचें बळ चिकट द्रव्याच्या रेलचेलींत नसतें. तें पातळ, सारख्या आणि नीट बसलेल्या थरांत असतें.

याचें कारण समजण्यासारखें आहे. कोणतेंहि चिकट द्रव्य प्रथम पातळ असावें लागतें. कारण ज्या पृष्ठाला चिकटावयाचें त्याच्या बारीकसारीक खांचाखोंचांत तें शिरलें पाहिजे. नंतर तेंच द्रव्य सुकून किंवा थिजून घट्ट व्हावें लागतें. थर जाड असेल तर तो बाहेरून आधीं सुकतो, आंत ओला राहतो, आकसतांना तडकतो आणि त्यांत हवेचे बुडबुडे अडकून राहतात. अशी प्रत्येक तडा आणि प्रत्येक बुडबुडा म्हणजे सांधा उकलण्यास मिळालेली आयती जागा होय. उलट थर अगदींच अपुरा असेल तर पृष्ठांवरील उंचसखलपणा भरून निघत नाहीं आणि सांधा उपाशी राहतो. या दोन टोंकांमधील माप सांपडणें, हीच या विद्येंतील खरी कठिण गोष्ट.

खळ अनेक पदार्थांची होते. तांदळाची पेज, गव्हाची खळ, जोंधळ्याची कांजी हीं घरोघर परिचयाचीं आहेत. परंतु मराठवाड्यांत आणि त्याला लागून असलेल्या सोलापुराच्या मुलखांत एक निराळी खळ रूढ झाली. ती चिंचोक्याची. चिंच मूळची आफ्रिकेंतली. पण ती हिंदुस्थानांत इतक्या प्राचीन काळीं येऊन रुजली कीं, अरबांनीं तिला ‘हिंदी खजूर’ असें नांव दिलें. अवर्षणाच्या मुलखांत ती बांधावर व रस्त्याच्या कडेला विनातक्रार वाढते. उन्हाळा जवळ आला कीं घरोघरच्या बायका चिंचा फोडावयास बसतात. गर बाजारांत जातो आणि चिंचोक्यांचा ढीग मागें राहतो. त्यांतले कांहीं मुलें भाजून खातात, कांहीं उभे फोडून पटावरच्या खेळांत फांशांप्रमाणें टाकले जातात, आणि बाकीच्यांची खळ होते.

ही खळ करण्यास श्रम पडतात. चिंचोके भाजले म्हणजे त्यांचें तपकिरी टरफल सुटतें. शंभर भाग चिंचोक्यांत साधारण तीस भाग टरफल आणि सत्तर भाग पांढरा गर असतो. तो गर भिजवून, वाटून, भरपूर पाण्यांत शिजविला म्हणजे दाट, तुकतुकीत खळ तयार होते. मेंढीच्या लोकरीची घोंगडी विणणारे सणगर हीच खळ लोकरीच्या उभ्या धाग्यांस देत आले. लोकरीचा धागा स्वभावतःच केसाळ. खळीवांचून तो फणींतून नीट सरकत नाहीं. पांजणींत खळ घेतलेली नवी घोंगडी हातास ताठ लागते, तें याचमुळें.

धाग्यापुरती जी गोष्ट खरी, ती कापडाच्या व कागदाच्या पटांनाहि लागू पडते. आणि त्याचा सुंदर दाखला याच चिंचोक्याच्या खळीनें महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोंकाला घालून दिला आहे. कोंकणांत सावंतवाडी येथें गंजिफा तयार होतात. गंजिफा म्हणजे खेळण्याचे वाटोळे पत्ते. दशावतारी गंजिफेंत दहा अवतारांचे प्रत्येकीं बारा याप्रमाणें एकशें वीस पत्ते असतात. जुन्या पद्धतींत कापडाचे किंवा कागदाचे पट चिंचोक्याच्या खळीनें एकावर एक बसवीत, वर खडूचा लेप देऊन तो घोटीत, मग चित्रें काढून लाखेचा हात देत. एकटा पट लवचीक आणि दुबळा. पण पातळ खळीनें जोडलेले तेच पट मिळून असा पत्ता होतो कीं, तो वर्षानुवर्षें हातांत फिरूनहि मोडत नाहीं. ही कला लोपाच्या मार्गावर असतां सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले व सत्वशीलादेवी भोसले यांनीं स्वातंत्र्योत्तर काळांत राजवाड्यांतच कारागीर बसवून ती पुन्हां उभी केली.

चिकट द्रव्यांचा विचार या देशांत ग्रंथरूपानेंहि झालेला आहे. सहाव्या शतकांत वराहमिहिरानें बृहत्संहितेंत ‘वज्रलेप’ नांवाचें एक प्रकरण घातलें. कच्चीं टेंभुर्णीचीं फळें, कच्चीं कवठें, सांवरीचीं फुलें, सालईच्या बिया, धामणीची साल आणि वेखंड हीं पाण्यांत आटवून अष्टमांश काढा करावयाचा; मग त्यांत राळ, गुग्गुळ, बिब्बा, जवस, बेल इत्यादि मिसळून तो लेप गरम असतांनाच मंदिरांच्या भिंतींस व मूर्तींस लावावयाचा, असा तो विधि आहे. अतिशयोक्तीचा भाग सोडला तरी त्यांतील योजना लक्षांत घेण्याजोगी आहे. पाण्यांत उतरणारा डिंकासारखा भाग आणि पाण्यास न जुमानणारी राळ, असे दोन भिन्न स्वभावांचे पदार्थ त्यांत एकत्र आणिले आहेत.

पाण्याशीं असलेलें हें वैर सर्व खळींचें जुनें दुखणें होय. खळ पाण्यानें तयार होते आणि पाण्यानेंच सुटते. विलायतेंत या दुखण्यावर १८२३ सालीं एक उपाय निघाला. ग्लासगो येथील रसायनज्ञ चार्ल्स मॅकिन्टॉश यानें डांबरापासून निघणाऱ्या नॅफ्था तेलांत रबर विरघळविलें आणि त्याचा पातळ थर दोन कापडांच्या मध्यें देऊन तीं दाबून एक केलीं. पावसाळी कोटाचा जन्म तो हाच. परंतु हें रबर थंडींत फळीसारखें ताठ होई आणि उन्हांत चिकट होई. पुढें अमेरिकेंत चार्ल्स गुडइयर यास १८३९ त, गंधक घालून तापविल्यानें रबराचा हा चंचलपणा जातो असें आढळून आलें. इंग्लंडांत थॉमस हॅन्कॉक यानेंहि तीच क्रिया सिद्ध केली. दोन कापडें आणि मध्यें एक थर, ही रचना कायम राहिली. बदलला तो थराचा स्वभाव.

विसाव्या शतकांत ही विद्या जमिनीवरून आकाशांत गेली. पहिल्या महायुद्धांतील विमानांचे पंख म्हणजे लांकडाच्या सांगाड्यावर ताणलेलें लिननचें कापड. त्यावर सेल्युलोजपासून केलेल्या द्रव्याचे हात दिले म्हणजे कापड आकसून नगाऱ्याच्या कातड्यासारखें ताणलें जाई. दुसऱ्या महायुद्धांत मॉस्किटो नांवाचें वेगवान विमान बर्चच्या पातळ पापुद्र्यांच्या फळ्या आणि हलकें बाल्सा लांकूड चिकटवून बनविलें गेलें. त्याचें पहिलें उड्डाण १९४० च्या नोव्हेंबरांत झालें.

या विमानाच्या कथेंतील एक प्रकरण हिंदुस्थानाशीं निगडित आहे. १९४४ सालीं पूर्वेकडील आघाडीवर कांहीं मॉस्किटो विमानांस अपघात झाले. प्रथम संशय आला तो दुधाच्या केसीनपासून केलेल्या सरसावर; इकडच्या उकाड्यानें व पावसाळ्यानें तो निकामी झाला असावा असें बोललें गेलें. चौकशीसाठीं माणसें हिंदुस्थानांत आलीं. अधिक खोल तपासांत दोष बांधणींतला ठरला. कांहीं ठिकाणीं लांकडाचे भाग एकमेकांशीं बरोबर जुळलेच नव्हते. जेथें पृष्ठें एकमेकांस भिडत नाहींत, तेथें उत्तम सरसहि पूल बांधूं शकत नाहीं. विणकराचा कुंचा जें सांगत होता, तेंच या दुर्घटनांनीं प्राणांचें मोल घेऊन पुन्हां सांगितलें.

याच सुमारास इंग्लंडांत केंब्रिजजवळ डक्सफर्ड येथें नॉर्मन डी ब्रायन यानें ‘रेडक्स’ नांवाचें द्रव्य तयार केलें, आणि त्यानें धातूचे पत्रे रिव्हेट न मारतां जोडतां येऊं लागले. फेनॉलपासून होणारी राळ कठीण पण ठिसूळ. व्हिनिल जातीचें द्रव्य चिवट. पत्र्यावर राळेचा पातळ हात द्यावयाचा, त्यावर चिवट द्रव्याची भुकटी पसरावयाची आणि उष्णता व दाब देऊन दोहोंचें एक करावयाचें, ही त्याची युक्ति. दोन स्वभावांच्या पदार्थांचा हा संयोग पाहून वज्रलेपाची आठवण व्हावी, हें स्वाभाविक आहे.

रिव्हेटानें पत्र्यास भोंक पडतें आणि सगळा भार त्या भोंकांभोंवतीं गोळा होतो. चिकट थर तोच भार सर्व पृष्ठभर वांटून घेतो. तरी ही वांटणी अगदीं समान नसते. एकावर एक चढविलेले दोन पत्रे ओढले असतां थरांतील ताण सांध्याच्या दोन टोंकांशीं सर्वांत अधिक असतो. जर्मनींत व्होल्कर्सन यानें १९३८ त, आणि अमेरिकेंत गोलँड व राइस्नर यांनीं १९४४ त, हें गणितानें दाखविलें. म्हणून सांधा दुप्पट लांब केला तरी त्याचें बळ दुप्पट होत नाहीं. शिवाय सांधा सरळ ओढणें वेगळें आणि कडेनें सोलणें वेगळें. सोलतांना सारा जोर एका बारीक रेषेवर येतो, म्हणून जो कागद ओढून निघत नाहीं तो कोपऱ्यापासून उचलला कीं सहज निघतो. चांगला सांधा योजणारा मनुष्य द्रव्याची निवड करण्यापूर्वीं भार कोणत्या बाजूनें येणार हें पाहतो.

इकडे युद्धानें चिंचोक्यासहि एकाएकीं महत्त्व आणून दिलें. कापडाच्या व तागाच्या गिरण्यांत खळीसाठीं धान्याचें पिष्ट लागे. आणि तो काळ धान्याच्या दुर्भिक्षाचा होता. १९४३ त बंगालमध्यें लाखों माणसें अन्नावांचून मेलीं. अशा वेळीं माणसाच्या तोंडचा घांस सुतास न चारतां काम भागेल काय, हा प्रश्न केवळ धंद्याचा राहिला नव्हता. डेहराडूनच्या वन-संशोधन संस्थेंत घोष व कृष्ण या संशोधकांनीं १९४२ सालींच चिंचोका हा किती मोलाचा कच्चा माल आहे हें दाखवून दिलें होतें. चिंचोक्याचें पीठ गिरण्यांच्या खळींत शिरलें, आणि सणगराच्या मडक्यांतील वस्तूस कारखान्यांत मान मिळाला.

चिंचोका सुतास इतका कां मानवतो, याचा उलगडा पुढें रसायनशास्त्रानें केला. कापसाचा तंतु म्हणजे सेल्युलोज, अर्थात् ग्लुकोज शर्करेच्या कणांची लांबच लांब माळ. चिंचोक्याच्या गरांत अर्ध्याच्या आसपास जें द्रव्य असतें त्यास झायलोग्लुकन म्हणतात. त्याचाहि कणा तशाच ग्लुकोजच्या माळेचा. फक्त तिला दुसऱ्या शर्करांच्या लहान लहान फांद्या फुटलेल्या. फांद्यांमुळें तें पाण्यांत फुगतें आणि कण्यामुळें तें सेल्युलोजास आपलें समजून बिलगतें. वनस्पतींच्या पेशींच्या भिंतींत असलीं द्रव्यें सेल्युलोजच्या तंतूंना वेढून असतात. निसर्गानें तेथें जें काम नेमून दिलें, त्याच जातीचें काम विणकरानें सुतावर करून घेतलें.

आजच्या शिवणकामाच्या कारखान्यांत सदऱ्याची कॉलर ताठ करण्यास खळ लागत नाहीं. दोन कापडांच्या मध्यें एक अस्तर घालतात. त्यावर उष्णतेनें वितळणाऱ्या द्रव्याचे बारीक ठिपके असतात, आणि सुमारें १३० ते १५० अंशांच्या उष्णतेंत कांहीं सेकंद दाबलें कीं काम होतें. येथें थर सलग न देतां ठिपक्यांनीं देण्यांत हेतु आहे. ठिपके कापडास धरून ठेवतात आणि मधली मोकळी जागा त्यास वाकूं देते. सलग थर दिला असता तर कॉलर पुठ्ठ्यासारखी झाली असती. कमी द्रव्यांत अधिक काम, हा कुंच्याचा न्याय येथें पूर्णत्वास गेला आहे.

मात्र प्रत्येक सांधा कायमचा असावा असें नाहीं. जुन्या कागदपत्रांच्या बाबतींत ही गोष्ट जगानें अनुभवानें जाणली. १९३० नंतर अमेरिकेंत जीर्ण कागद सेल्युलोज ॲसिटेटच्या पातळ पापुद्र्यांत बंद करण्याची पद्धत निघाली. आपल्याकडेहि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत ॲसिटोन वापरून हातानें तसें करण्याची रीत बसविण्यांत आली. त्या काळीं त्यानें पुष्कळ कागद वांचले. परंतु कालांतरानें तो पापुद्राच बिघडूं शकतो आणि सोडवितांना कागदास इजा होते, असें दिसून आलें. म्हणून आज जाणते लोक बहुधा पिष्टाची खळ आणि पातळ, बळकट कागद यांकडेच वळतात. कारण खळ पाण्यानें सुटते. शेंकडों वर्षें जें खळीचें व्यंग मानलें गेलें, तोच येथें तिचा गुण ठरला. घरांतील जुनीं पत्रें किंवा पोथ्या पारदर्शक चिकटपट्टीनें जोडणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. त्या पट्टीचा चिकटा कागदांत मुरतो, पिवळा पडतो आणि अक्षरें बिघडवितो.

चिंचोक्याच्या वाट्यास आतां नवें वैभव आलें आहे. जपानांत १९६० नंतर त्याचें शुद्ध केलेलें द्रव्य खाद्यपदार्थ दाट करण्यासाठीं वापरूं लागले. धाराशिवच्या शेजारीं बार्शी येथें चिंचोक्याचें पीठ करणारे कारखाने आहेत, आणि तें पीठ कापड-छपाईपासून कागदापर्यंत अनेक धंद्यांत जातें. तरीहि एक तफावत डोळ्यांआड करतां येत नाहीं. चिंच मुलखाची, फोडणारे हात मुलखांतल्या बायकांचे. पण चिंचोक्याची किंमत वाढते ती मुलखाबाहेर, जेथें त्याचें शुद्ध द्रव्य होतें तेथें. आणि ज्या सणगरांनीं हें द्रव्य शास्त्राच्या आधीं ओळखलें, त्यांचे माग एकामागून एक थंडावत आहेत. खळ किती शिजवावी, कोणत्या हवेंत किती पातळ ठेवावी, कुंचा किती दाबावा, हें ज्ञान बोटांत असतें. तें पुस्तकांत उतरविण्याची तसदी फारशी कोणी घेतलेली नाहीं.

पेरिप्लसच्या लेखकानें तगरच्या कापडाची नोंद केली, त्या कापडास बळ देणाऱ्या खळीची केली नाहीं. त्यास दोष देण्याचें कारण नाहीं. तो व्यापारी होता, आणि पांजणी बंदरावर दिसत नाहीं. परंतु त्याच्या एका ओळीनें तेर दोन हजार वर्षें जिवंत राहिलें, हें लक्षांत घेतलें म्हणजे लिहून ठेवण्याचें मोल कळतें. खळीची नोंद आजच्या पिढीस करतां येण्यासारखी आहे. ती जाणणारे हात थोडे उरले आहेत. पण उरले आहेत.